सीमाभागात राहता? मग मोबाईलला तुमचं गाव असं शिकवा

मोबाईलवर मराठी निवडली की बातम्या मुंबई-पुण्याच्या येतात. ठिकाणावरून अंदाज घेतला की बेंगळुरूच्या येतात. खानापूर तालुक्यात हत्तींनी भात तुडवलं किंवा निपाणीकडचा एखादा बंधारा पाण्याखाली गेला, तर ती बातमी या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी घरांची ही रोजची अडचण आहे. ती बऱ्याच अंशी दूर करता येते, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

आधी हे असं का होतं ते बघूया. बातम्यांचं ॲप तुमची आवड दोन वाटांनी ओळखतं. तुम्ही काय उघडता, त्याच्यासारखंच आणखी काय आहे, ही एक वाट. तुमच्यासारखे इतर वाचक काय वाचतात, ही दुसरी. ही दुसरी वाट जुनी आहे. 1994 साली अमेरिकेतल्या ग्रुपलेन्स प्रकल्पाने वाचकांनी दिलेल्या गुणांवरून बातम्या सुचवण्याचा प्रयोग केला होता. आता कर्नाटकात राहून मराठी वाचणारे आपण मोजके. 'तुमच्यासारखे वाचक' म्हणून ॲपला पुणेकरच सापडतात आणि त्यांच्या बातम्या आपल्या ताटात येतात. म्हणून आपली आवड आपणच स्पष्ट सांगायला हवी.

पहिली पायरी: कागद-पेन घ्या

फोन नंतर. आधी घरातल्या प्रत्येकाला कोणती बातमी खरंच उपयोगी पडते ते लिहून काढा. इथे सीमाभागाची खास गोम आहे. आपण मराठी वाचतो, पण आपलं सरकारी काम चालतं कर्नाटकाचं. 'दहावीचा निकाल' हा विषय निवडलात तर महाराष्ट्र बोर्डाचा निकाल येईल. तुमची मुलगी मराठी माध्यमात असली तरी ती कर्नाटक बोर्डाची एसएसएलसी देते, म्हणून शब्द 'एसएसएलसी' हवा. 'लाडकी बहीण'चे हप्ते रोज वाचून उपयोग नाही, आपल्या वहिनीला मिळणार ती 'गृहलक्ष्मी'. मोफत बसप्रवासासाठी 'शक्ती योजना'.

पाण्याचं मात्र उलटं आहे. माझ्या मामांचं शेत वेदगंगेच्या काठी, निपाणी तालुक्यात. त्यांच्या यादीत पहिले दोन शब्द महाराष्ट्रातले आहेत: पाटगाव आणि काळम्मावाडी. वेदगंगेवरचं पाटगाव धरण आणि दूधगंगेवरचं काळम्मावाडी, दोन्ही कोल्हापूर जिल्ह्यात. तिथून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, यावर जत्राट-भिवशी आणि कारदगा-भोज हे बंधारे उद्या उघडे राहतील की बुडतील ते ठरतं. कृष्णाकाठच्या चिकोडी, रायबाग, अथणीवाल्यांनी 'कोयना' आणि 'राजापूर बंधारा' लिहून घ्यावं. 2019 चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना याचं कारण सांगायला नको.

दुसरी पायरी: गुगल न्यूज लावून घ्या

गुगल न्यूज उघडा, वर उजवीकडे तुमच्या खात्याच्या गोल चित्रावर दाबा आणि सेटिंगमध्ये भाषा व प्रदेशात मराठी निवडा. मग भिंगाच्या चिन्हात कागदावरचा एकेक शब्द शोधा. मिळालेला विषय किंवा वृत्तपत्र 'फॉलो' करा, स्वतंत्र विषय नसेल तर तो शोध जतन करून ठेवा. बेळगाव आवृत्ती असलेली मराठी दैनिकं आवर्जून जोडा.

तिसरी पायरी: गुगल अलर्ट. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तुम्ही दिलेला शब्द नव्या बातमीत आला की गुगल अलर्ट ईमेल पाठवतो. ही सोय 2003 पासून आहे. गुगलमध्ये 'गुगल अलर्ट' शोधा, शब्द टाका, आपला ईमेल द्या. पर्यायांमध्ये 'दिवसातून एकदा' आणि 'सर्व निकाल' घ्या. गावाचं नाव क्वचित छापून येतं, म्हणून 'फक्त उत्तम निकाल' ठेवलंत तर हाती काही लागत नाही.

शब्द निवडणं हीच खरी कला. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण मराठी वर्तमानपत्रं बेळगाव लिहितात, काही जण गावावर अनुस्वार देऊन बेळगांव. इंग्रजीत जुनं आणि नवं अशी दोन स्पेलिंग चालतात. या सगळ्यांचे वेगवेगळे अलर्ट करा. 'बेलगाम' मात्र नको. त्या शब्दाचा अर्थ लगाम नसलेला असाही होतो, त्यामुळे भलत्याच बातम्यांचा ढीग येतो.

खानापूर तर फसवंच. सांगली जिल्ह्यात विट्याकडेही खानापूर तालुका आहे. नुसतं 'खानापूर' टाकलं तेव्हा मला आठवडाभर विट्याच्याच बातम्या येत होत्या. मग असं लिहिलं: "खानापूर" बेळगाव -विटा. अवतरणचिन्हांमुळे तो शब्द जसाच्या तसा शोधला जातो आणि वजाचं चिन्ह नको असलेला शब्द गाळतं. वजा आणि शब्द यांच्यात जागा सोडू नका. शहापूर, वडगाव ही नावं घेतानाही हीच काळजी घ्या, शहापूर ठाणे जिल्ह्यात आहे आणि वडगाव तर जिथे तिथे.

चौथी पायरी: कन्नड बातम्याही घ्या

हे मी आग्रहाने सांगतो. म्हादई-कळसा-भांडुराचं पाणी असो, उसाचा दर असो किंवा शाळेचा आदेश, आपल्यावर लागू होणारे निर्णय बेंगळुरूत किंवा सुवर्णसौधमधल्या अधिवेशनात होतात आणि त्यांचा पूर्ण तपशील पुष्कळदा कन्नड वृत्तपत्रांतच असतो. तो न वाचल्याने नुकसान आपलंच. कन्नड वाचता येत नसेल तर क्रोममध्ये बातमी उघडून तीन ठिपक्यांतला भाषांतराचा पर्याय घ्या, मराठी निवडा. व्हॉट्सॲपवर कात्रणाचा फोटो आला असेल तर गुगल लेन्स तो वाचून मराठीत देतो. आकडे आणि तारखा मात्र मूळ मजकुराशी ताडून घ्या.

पाचवी पायरी: नको ते काढा

मोबाईलच्या मुख्य पडद्यावर आपोआप येणाऱ्या बातम्यांत प्रत्येक चौकटीखाली तीन ठिपके असतात. त्यांत 'या विषयात रस नाही' आणि 'या स्रोताच्या बातम्या दाखवू नका' असे पर्याय मिळतात. दहा-बारा दिवस नेमाने वापरा, फरक दिसतो. तोवर भडक मथळ्यांवर बोट ठेवू नका. रागाने उघडलेली बातमीही ॲपच्या लेखी आवडीचीच. सीमाप्रश्नाच्या बातम्यांत हे फार जाणवतं. एखादा चिथावणीचा व्हिडिओ पाहिला की त्याच धर्तीचे आणखी येऊ लागतात, आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचं पुढे काय झालं ही साधी बातमी खाली ढकलली जाते. त्यासाठी 'सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालय' असा वेगळा अलर्ट ठेवलेला बरा.

एकच फोन घरात तिघं वापरत असतील तर आवडींची सरमिसळ होते. आजोबांचे अलर्ट निदान त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर घ्या.

यादी वर्षभर तीच ठेवू नका. मामा मृग लागला की पाटगाव-काळम्मावाडीचे अलर्ट सुरू करतात, दिवाळीच्या सुमारास ते बंद करून उसाच्या दराचा लावतात.