डाव्या निलयाच्या साहाय्यासाठी पंप : आराखडा कुठून सुरू करावा

दुर्बळ झालेल्या हृदयाच्या डाव्या निलयाला हातभार लावणारा पंप आखायला घेतला, की यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी सवयीने दाब आणि प्रवाह यांपासून सुरुवात करतो. ही आकडेमोड आवश्यक असली तरी ती लवकर संपते. मिनिटाला ५ लिटर रक्त १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाविरुद्ध महाधमनीत ढकलायचे, तर रक्ताला द्यावी लागणारी शक्ती जेमतेम १.१ वॉट भरते, आणि तेवढी देणारी लहान मोटर सहज बनवता येते. अवघड आहे ते रक्त पंपातून धड बाहेर काढणे. म्हणून आराखड्याची पहिली रेघ मोटरपाशी न ओढता रक्ताच्या वाटेवर ओढावी.

पंप धडधडणारा असावा की अखंड वाहणारा, हा वाद आता बहुतांशी मिटलेला आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रीमॅच’ या चाचणीत धडधडणारा पंप बसवलेल्या रुग्णांपैकी ५२ टक्के वर्षभर जगले, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के; मात्र त्या यंत्रातील पडदा व झडपा झिजत असत. हृदय वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा आकुंचन पावते, हे ध्यानात घेतले तर झिजेचे नवल वाटत नाही. फिरत्या इम्पेलरच्या (पात्यांच्या चक्राच्या) पंपाला झडप लागत नाही आणि तो आकारानेही लहान होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने अपकेंद्री, म्हणजे मध्यातून घेतलेले रक्त कडेकडे फेकणारा, इम्पेलर निवडावा, असे माझे मत आहे.

त्यानंतर इम्पेलर आणि त्याभोवतीचे आवरण यांतील फट ठरवावी. सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. विहिरीवरच्या पंपात ही फट जितकी कमी तितकी गळती कमी, म्हणून ती आवळण्याकडे कल असतो. रक्ताच्या बाबतीत आवळलेली फट घातक ठरते, कारण तिच्यात शिअर स्ट्रेस, म्हणजे वेगवेगळ्या वेगाने सरकणाऱ्या थरांमुळे रक्तावर येणारा घासण्याचा ताण, वाढतो. आराखड्यासाठी सर्रास धरले जाणारे उंबरठे असे : १५० पास्कलपुढे तांबड्या पेशी फुटू लागतात, ५० पास्कलच्या आसपास प्लेटलेट चेतवल्या जातात, आणि ९ पास्कलपुढेच फॉन विलेब्रांड घटकाचे लांबलचक रेणू उलगडून तुटण्याजोगे होतात. रक्त त्या ताणाखाली किती वेळ राहते, हेही तितकेच महत्त्वाचे. हा घटक रक्त थांबवण्याच्या कामाचा असल्याने तो तुटला आणि त्यात रुग्ण वॉरफरीन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असला, की आतड्यातील रक्तस्राव वाढतो. उलट जिथे रक्त रेंगाळते तिथे गुठळी होते. बेअरिंगचा टेकू ही अशी हमखास जागा. ‘हार्टमेट ३’ या पंपात रोटर (इम्पेलरसह फिरणारा भाग) चुंबकीय बलावर पूर्णपणे तरंगतो, त्याभोवती अर्धा ते एक मिलिमीटर मोकळी वाट ठेवलेली आहे, आणि दर दोन सेकंदांनी वेग मुद्दाम खाली-वर केला जातो, जेणेकरून आतले रक्त धुऊन निघावे. संगणकावर प्रवाहाचे चित्र काढताना कमाल ताणाइतकेच बारकाईने हे रेंगाळणारे कोपरे शोधावेत.

निलयाच्या टोकात बसणाऱ्या नळीचे तोंड दोन निलयांमधल्या पडद्याकडे वळणार नाही, याची काळजी घ्यावी. वेग जास्त झाला तर निलय रिकामे होऊन त्याची भिंतच नळीला चिकटते.

प्रत्यक्ष नमुना तयार झाला की प्रथम ग्लिसरॉल आणि पाण्याच्या मिश्रणावर दाब-प्रवाहाचे वक्र काढावेत, कारण सुमारे ४० टक्के ग्लिसरॉलची चिकटाई रक्ताच्या जवळपास येते. मग ताजे रक्त. गोवंशहत्याबंदीमुळे महाराष्ट्रात यासाठी डुकराचे रक्त सोयीचे पडते. गुठळी होऊ न देणारे द्रव्य घातलेले रक्त बंद वळशात ६ तास फिरवावे, ठरावीक अंतराने नमुना काढून तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावा आणि वर आलेल्या प्लाझ्मातील मोकळे हिमोग्लोबिन मोजावे. गवती पिवळा प्लाझ्मा गुलाबी दिसू लागला, तर उपकरणाने आकडा देण्याआधीच पेशी फुटत असल्याचे समजते. प्रत्येक जनावराचे रक्त वेगळे असते, त्यामुळे त्याच दिवशी त्याच रक्तावर दुसरा, आधीपासून माहीत असलेला पंप शेजारी चालवल्याशिवाय आलेल्या आकड्याला अर्थ नाही.

वीज पोटाच्या त्वचेतून जाणाऱ्या तारेने द्यावी लागते आणि तिच्या छिद्रापाशी संसर्ग होतो, त्यामुळे तार बारीक व लवचीक हवी. बॅटऱ्या दोन ठेवाव्यात आणि एकीची अदलाबदल चालू असताना दुसरीवर पंप चालत राहील, अशी जोडणी करावी. पंप बंद पडला, तर झडप नसल्याने महाधमनीतील रक्त त्याच वाटेने निलयात परत येते. ते केवळ साहाय्य थांबणे नसून वरचा बोजा असतो. जून २०२१ मध्ये मेडट्रॉनिकने ‘एचव्हॅड’ पंपाची विक्री थांबवली, तेव्हा पक्षाघाताच्या अधिक प्रमाणासोबत पंप थांबल्यावर पुन्हा सुरू न होणे हेही एक कारण होते. म्हणून बंद-चालूची चाचणी शेवटच्या दिवसावर न टाकता पहिल्या नमुन्यापासूनच करावी, तीही महाधमनीइतका दाब उलट बाजूने देऊन, आणि रोटर प्रत्येक वेळी किती सेकंदांत उचलला जातो याची नोंद ठेवावी.