उताऱ्यात दोन ऑप्शन सेम वाटले तर काय करायचं

सांगलीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन राज्यसेवेवाल्याला विचारा की सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरच्या, उताऱ्यात कुठं अडतं, उत्तर ठरलेलं. चारातले दोन लगेच उडतात ओ, उरलेले दोन सेमच वाटतात आणि आपण नेमका चुकीचा गोल काळा करतो. माझंपण दोन वर्षं हेच चाललेलं. क्लासला सर म्हणायचे उताऱ्याचा भाव धरा, आता भाव धरला तरी गोल एकच काळा करायचाय की.

माझी गडबड कुठं व्हायची, तर मी एकेक ऑप्शन घेऊन उताऱ्याशी जुळवत बसायचो आणि ते दोन्ही जुळायचे, कारण ते बनवलेलेच तसे असतात. आता उलटं करतो. आधी ते दोन ऑप्शनच एकमेकांशेजारी धरायचे आणि बघायचं की ह्यांच्यात नक्की वेगळं काय आहे. बहुतेक वेळा एखाददुसरा शब्द निघतो. त्याच्याखाली रेघ मारायची आणि तेवढा एकच शब्द घेऊन उताऱ्यात परत जायचं, अख्खा उतारा पहिल्यापासून वाचायचा नाही.

सरावाला आपल्याकडचंच घेऊ, हा उतारा मीच जुळवलाय:

"हरिपूर परिसरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवली जाई. पेव बंद केल्यावर आत हवा जात नसल्याने हळदीला कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात अनेक पेवांमध्ये पाणी शिरून नुकसान झाले. त्यानंतर अनेक व्यापारी गोदामे व शीतगृहांकडे वळले."

प्रश्न, यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
१) महापुरामुळे पेवात हळद साठवणे पूर्णपणे बंद झाले.
२) महापुरानंतर साठवणुकीच्या इतर पद्धतींचा वापर वाढला.
३) हरिपूरच्या मातीमुळे पेवात हळद टिकत असे.
४) शीतगृहात हळद पेवापेक्षा जास्त टिकते.

चौथा लगेच उडतो, तुलना कुठं केलीच नाही. तिसऱ्यात सांगलीचा माणूस हमखास अडकणार, कारण लहानपणापासून ऐकलेलं असतं की हरिपूरची मातीच तशी आहे म्हणून पेवं टिकतात. असेल की खरं, पण ह्या चार ओळीत माती हा शब्दच नाही. ज्या विषयातलं आपल्याला जास्त कळतं तो उतारा जास्त सांभाळून वाचायचा, तिथं आपण उतारा सोडून आपल्या डोक्यातलं वाचत असतो.

राहिले एक आणि दोन. फरक कशात, तर 'पूर्णपणे बंद' आणि 'वापर वाढला'. आता उताऱ्यात फक्त हेच शोधायचं. तिथं 'अनेक व्यापारी' लिहिलंय, सगळे नाही, म्हणजे एक गेला. दोन बरोबर आहे हे सिद्ध करत बसायची गरजच पडली नाही, एकाला पाडायला एक शब्द पुरला. बरोबर काय ते शोधण्यापेक्षा चूक कशात आहे ते शोधणं लवकर होतं, हे मला फार उशिरा कळलं.

फक्त, सर्व, नेहमी, कधीच, एकमेव, पूर्णपणे असले शब्द दिसले की थांबायचं. पण बघितला 'फक्त' की मार काट, असंही नको, उताऱ्यातच 'फक्त' असेल तर ऑप्शनमध्येही येणारच ना.

दुसरा सापळा म्हणजे कारण आणि परिणाम उलटे करून टाकतात. 'हवा जात नाही म्हणून कीड लागत नाही' आणि 'कीड लागत नाही म्हणून पेव हवाबंद ठेवता येतं', घाईत वाचलं तर दोन्ही ओळखीचे वाटतात कारण शब्द तेच आहेत. इथं 'म्हणून' च्या अलीकडं काय आणि पलीकडं काय एवढंच बघायचं.

आणि कधीकधी दोन्ही वाक्यं उताऱ्याप्रमाणं खरीच असतात, तेव्हा उताऱ्यात नाही तर प्रश्नात परत जायचं. मध्यवर्ती कल्पना विचारली असेल तर एकाच ओळीत आलेली माहिती खरी असूनही उत्तर नाही. 'अयोग्य विधान' विचारलंय हे विसरून बरोबर विधान मारून आलेले तर प्रत्येक अभ्यासिकेत चार जण सापडतील, त्यात मी एक. मराठी वाक्य लईच जड वाटलं तर शेजारचं इंग्रजी बघा, कधी तिथं शब्द सरळ असतो.

एवढं करूनही दोन उरलेच तर? ८० प्रश्न, २०० मार्क, म्हणजे एकाला अडीच, आणि चुकलं की पाव भाग म्हणजे ०.६२५ जातात. चार चुकले तर एक बरोबर गेलं. दोनातून एक निवडायचं असेल तर हिशोब आपल्या बाजूनं आहे, मारून मोकळं व्हायचं आणि पुढचा उतारा घ्यायचा. पात्र व्हायला ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क लागतात, त्यासाठी एका प्रश्नाशी पाच मिनिटं कुस्ती खेळून परवडत नाही, दोन तास बघता बघता जातात.

घरी जुने पेपर सोडवताना एक वही ठेवा. चुकलेल्या प्रश्नासमोर बरोबर उत्तर नका लिहू, ज्या शब्दानं फसवलं तो शब्द लिहा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात अर्ध्याहून जास्त ठिकाणी एकच शब्द होता, 'सर्व'.