धंद्याला आणि घराला एकच पिकअप : निवड कशी करावी

ज्यांच्या दारात एकच चारचाकी उभी राहणार आहे आणि तिच्यावरच धंदा व संसार दोन्ही चालणार आहेत, अशा खानदेशातल्या माणसांसाठी हा लेख आहे. ठिबक आणि पाइपलाइनची कामे घेणारे, विहिरीवरच्या मोटारी काढणारे-बसवणारे, बांधकामाचे छोटे ठेकेदार, भाजीपाला किंवा दूध स्वतः पोहोचवणारे शेतकरी, या सर्वांना सकाळी हौद्यात माल भरायचा असतो आणि संध्याकाळी त्याच गाडीतून आईला दवाखान्यात न्यायचे असते. शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, ‘किती टनाची पाहिजे?’ आणि आपणही त्याचे उत्तर देऊन मोकळे होतो. चाळीसगाव तालुक्यात पाइपलाइनचे काम करताना मी दोन पिकअप वापरल्या. त्यांपैकी पहिली केवळ टन पाहून घेतली होती आणि ती तीन वर्षांत विकावी लागली. म्हणून माझे मत असे झाले आहे की, रोजचा माल आणि रोजची माणसे आधी मोजावीत आणि टनाचा विचार त्यानंतर करावा.

पायरी 1 : पंधरा दिवसांची वही लिहा

गाडी पाहायला जाण्यापूर्वी एक साधी वही करावी. रोज कोणता माल नेला, त्याचे वजन किती, लांबी किती, किती किलोमीटर गेलो, रस्ता डांबरी होता की शिवारातला, आणि गाडीत माझ्याशिवाय कोण बसले, एवढेच तिच्यात लिहावे. सध्या भाड्याची गाडी वापरत असाल तरी हे सहज जमते.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी बांधू नये. सिमेंटची एक गोणी 50 किलोची असते, म्हणजे 20 गोण्यांचा एक टन होतो. हजार लिटरची टाकी पाण्याने भरली की पाण्याचेच एक टन वजन होते, आणि ते पाणी वळणावर हिंदकळते, म्हणून तेवढ्याच वजनाच्या गोण्यांपेक्षा ते जास्त धोक्याचे असते. वाळूचा एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. त्याचे वजन साधारण साडेचार टन भरते, तेव्हा अर्धा ब्रास वाळूसुद्धा दोन टनांच्या पुढे जाते आणि आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक पिकअपच्या मर्यादेत ती बसत नाही. कापसाचे याच्या अगदी उलट आहे. हौदा शिगोशीग भरतो, पण वजन मर्यादेच्या बरेच आत राहते, त्यामुळे कापसाला टनापेक्षा हौद्याची लांबी आणि बाजूची उंची महत्त्वाची ठरते. पीव्हीसी पाइप सहा मीटर, म्हणजे जवळजवळ 20 फूट लांब येतो आणि हौदा मात्र आठ-नऊ फुटांचा असतो. मागे फाळक्याबाहेर लोंबणारा माल कायद्यातही बसत नाही आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो. म्हणून असे काम रोजचे असेल तर केबिनवरून पुढे जाणारा पक्का स्टँड बसवता येईल अशीच गाडी पाहावी आणि त्या स्टँडचे वजनही हिशेबात धरावे.

वही भरली की ती नीट वाचावी. पंधरापैकी बारा दिवस सहाशे-सातशे किलो माल आणि दोनच दिवस दीड टन, असे चित्र दिसले, तर गाडी त्या बारा दिवसांसाठी घ्यावी आणि दोन दिवसांसाठी भाड्याने मोठी गाडी सांगावी. वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या ताकदीसाठी रोजचे डिझेल आणि रोजचे धक्के सोसण्यात अर्थ नाही.

पायरी 2 : खरी वहनक्षमता काढा

आरसीवर दोन आकडे असतात, मालासह एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन. पहिल्यातून दुसरे वजा केले की ‘पासिंग’ कळते. समजा एकूण वजन 2,990 किलो आणि रिकामे वजन 1,690 किलो असेल, तर 1,300 किलो उरतात. पण गाडी घेतल्यावर आपण लोखंडी बॉडी वाढवतो, अवजारांची पेटी आणि शिडी बसवतो, आणि हे सर्व त्या 1,300 मधूनच जाते. माझ्या पहिल्या गाडीला बॉडी बांधणाऱ्याने जाड अँगल आणि दुहेरी पत्रा वापरला. ‘दहा वर्षे काही होणार नाही,’ असे तो म्हणाला आणि त्याचे बोलणे मला पटले. काट्यावर रिकामी गाडी चढवली तेव्हा चिठ्ठीवर 180 किलो जास्त आले. म्हणजे साडेतीन गोण्या सिमेंट मी रोज फुकट वाहत होतो. तेव्हापासून बॉडी सांगताना तिचे वजन किती येईल हे आधी लिहून घेतो.

मर्यादेपेक्षा जास्त माल आढळला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला 2,000 रुपये लागतात, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. मागे जादा पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, टाकले की काम भागते, असे अनेकजण सांगतात. पाट्यांनी आरसीवरचा आकडा वाढत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब मालाच्या वजनानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो आणि गाडीचा मागचा भाग किती दबला आहे त्यावरून तो वजन ओळखतो. पाटे वाढवून मागचा भाग उचलला गेला की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, आणि मागच्या चाकांना हवा तेवढा ब्रेक मिळत नाही. कन्नड घाट उतरताना हे अनुभवायला मिळू नये.

पायरी 3 : केबिन आणि नंबर प्लेटचा रंग ठरवा

घराचा विचार येथे सुरू होतो. बाजारातल्या गाड्यांचे आपल्या कामापुरते तीन गट पडतात. पहिला गट छोट्या गाड्यांचा. 2005 साली आलेली आणि ‘छोटा हत्ती’ म्हणून घराघरांत माहीत झालेली टाटा एस, तसेच मारुती सुपर कॅरी या गल्लीबोळांत सहज वळतात, पण त्यांत चालकाशेजारी एकच माणूस बसतो आणि महामार्गावर लांब जायला त्या योग्य नाहीत. दुसरा गट महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा इंट्रा, टाटा योद्धा आणि अशोक लेलँड दोस्त यांचा आहे. खानदेशातला बहुतेक धंदा याच गाड्यांवर चालतो. त्यांतच डबल केबिनचे प्रकार येतात. बोलेरो कॅम्पर आणि योद्धाची क्रू कॅब यांत पाच माणसे बसतात, मात्र केबिन वाढल्याने हौदा आखूड होतो. या गाड्या मालवाहू म्हणून नोंदवल्या जातात आणि त्यांना पिवळी पाटी लागते. तिसऱ्या गटात इसुझू व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स आहे. या पांढऱ्या पाटीच्या, आरामशीर आणि महाग गाड्या; सव्वापाच मीटरहून लांब असल्याने जुन्या पेठांत वळवणे अवघड जाते आणि भाड्याने माल वाहण्यासाठी त्या वापरता येत नाहीत.

घरात चार-पाच माणसे असतील, माल एक टनाच्या आत असेल आणि पाइप स्टँडवर जात असेल, तर डबल केबिन हाच उत्तम मध्य आहे, असे मला वाटते. मागच्या बाकावर घरातल्या वृद्ध माणसाला प्रत्यक्ष बसवून पाहावे. गुडघे समोरच्या सीटला टेकतात का, पाय ठेवायची पायरी किती उंच आहे, मागच्या काचा पूर्ण खाली जातात का आणि बाकावर पट्टे आहेत का, हे पाच मिनिटांत कळते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. सारंगखेड्याची यात्रा असो, वणीच्या गडाची वारी असो की लग्नाचे वऱ्हाड, हौद्यात गोणपाट अंथरून माणसे बसवण्याची आपल्याकडची सवय मोडली पाहिजे. एका हाताने फाळका आणि दुसऱ्या हाताने लेकरू धरून उभी असलेली बाई मी महामार्गावर अनेकदा पाहिली आहे. ते बेकायदा तर आहेच, शिवाय मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. डबल केबिन घेतली तरी आरसीवर जेवढ्या सीट लिहिल्या आहेत तेवढीच माणसे बसवावीत, आणि त्यांच्यासाठीचे जादा संरक्षण विम्यात आहे की नाही, हे विमा काढतानाच लेखी विचारून घ्यावे.

पायरी 4 : कागदांचा खर्च मांडा

साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष विमा 2022 च्या दरानुसार वर्षाला 16,049 रुपये आहे, तर 1,500 सीसीपेक्षा मोठ्या खासगी कारचा 7,897 रुपये. त्यावर कर वेगळा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र, करावे लागते. एकूण वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नसेल तर मालवाहतुकीच्या परमिटची गरज नसते, म्हणून या रेषेच्या अलीकडची गाडी पुरत असेल तर एक कटकट कमी होते. कारचे लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. तरी घरातला दुसरा कोणी गाडी चालवणार असेल तर त्याचे लायसन्स चालू आहे का, हे पाहून ठेवावे. धंदा जीएसटीत नोंदलेला असेल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. ती रक्कम मोठी असते, म्हणून बुकिंगपूर्वी आपल्या कर सल्लागाराशी बोलावे.

पायरी 5 : इंधन, उन्हाळा आणि माती

रोज पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे भरलेली गाडी चालणार असेल तर डिझेल घ्यावे. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर मात्र थांबून विचार करावा, कारण एप्रिल 2020 नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग आणि तापून चालावी लागते. फक्त छोट्या फेऱ्या झाल्या की गाळणी तुंबते आणि गाडी गॅरेजला जाते. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकीचे वजन मालातून वजा होते. सुपर कॅरीची पेट्रोल गाडी सुमारे 740 किलो नेते आणि सीएनजीची सुमारे 625. शिवाय तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर सीएनजीचा पंप कुठे आहे आणि तिथे रांग किती असते, हे स्वतः जाऊन पाहावे.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घरच्या माणसांसाठी वापरायच्या गाडीत एसी ही चैन मानू नये. अनेक पिकअपच्या मूळ मॉडेलमध्ये तो नसतो. नंतर बाहेरून बसवण्यापेक्षा कंपनीचाच एसी असलेले मॉडेल घ्यावे.

पावसाळ्यातली काळी माती हा वेगळा विषय आहे. पिकअपची ताकद मागच्या चाकांना जाते आणि रिकाम्या गाडीचे मागे वजनच नसते, त्यामुळे शिवाररस्त्यावर ती जागच्या जागी फिरते. हौद्यात मागच्या ॲक्सलवर वाळूच्या चार-पाच गोण्या बांधून ठेवल्या तर बराच फरक पडतो. धडगाव, अक्कलकुवा किंवा सातपुड्याच्या पायथ्याला रोजचे काम असेल तरच फोर व्हील ड्राइव्हचे जादा पैसे मोजावेत.

पायरी 6 : गाडी दोनदा चालवा

एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. डीलर सहसा रिकामी गाडी देतो. आपल्याच दहा-बारा गोण्या टाकून चालवतो, असे आग्रहाने सांगावे, आणि नकार मिळाला तर तेच मॉडेल वापरणारा ओळखीचा माणूस शोधावा. रिकामी गाडी गतिरोधकावरून नेताना मागच्या बाकावर स्वतः बसावे, म्हणजे पाटे किती आपटतात ते कळते. भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये थांबवून पुन्हा उचलावी. पिवळ्या पाटीच्या पिकअपला वेग ताशी 80 किलोमीटरवर अडवणारा गव्हर्नर असतो. धुळे-जळगाव मार्गावर ट्रक ओलांडताना हे लक्षात ठेवूनच अंदाज बांधावा लागतो. शेवटी गाडी आपल्या गल्लीत आणून दारासमोर वळवून पाहावी.

जुनी गाडी घेत असाल तर वरून मारलेल्या रंगाला भुलू नये. खाली वाकून चासीवर, विशेषतः पाटे जिथे अडकवलेले असतात तिथे, वेल्डिंगचे डाग दिसतात का ते पाहावे. ते दिसले तर ती गाडी आयुष्यभर जादा माल वाहत आली आहे, असे समजून परत फिरावे. बँकेचा बोजा उतरला आहे का आणि थकीत चलन किती, हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून तपासता येते.

गाडी ताब्यात आली आणि बॉडी, स्टँड, पेटी सर्व बसवून झाले की त्याच दिवशी रिकामी गाडी काट्यावर न्यावी. एकूण वजनातून चिठ्ठीवरचे वजन वजा करून उरलेला आकडा मोठ्या अक्षरात लिहावा आणि चालकासमोरच्या काचेच्या कोपऱ्यात आतून चिकटवावा. त्याखाली रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी टायरमध्ये किती हवा लागते, तेही गाडीच्या पुस्तिकेतून पाहून लिहावे.