डिस्कलेस मशीनला दोन नेटवर्क कार्डं? बाँडिंग बूट होतानाच लावा

डिस्कलेस, म्हणजे स्वतःची डिस्क नसलेल्या लिनक्स मशीनची रूट फाइलसिस्टिमच (सिस्टिमच्या सगळ्या फाइली) नेटवर्कवरून, एनएफएस या फाइल-शेअरिंग पद्धतीने येते. त्यामुळे मशीन सुरू झाल्यावर बाँड (दोन कार्डं जोडून केलेलं एकच कार्ड) बनवायला जाऊ नका. कार्ड क्षणभर खाली गेलं की रूटही हातचं जातं आणि मशीन जागीच गोठतं. पुढची कमांड वाचायलाही डिस्क नसते!

बाँड इनिटरॅमएफएसमध्येच (बूट होताना मेमरीत चढणारी छोटी सुरुवातीची सिस्टिम), रूट माउंट होण्याआधी तयार व्हायला हवा. इनिटरॅमएफएस बनवायला ड्रॅकट हे साधन वापरत असाल तर कर्नल कमांड लाइनवर बाँडची व्याख्या द्या: मोड ॲक्टिव्ह-बॅकअप (एक कार्ड चालू, दुसरं राखीव), एमआयआयमॉन (लिंक चालू आहे का हे तपासण्याचं अंतर) १०० मिलिसेकंद. आयपीही बाँडलाच द्या, सुट्या कार्डाला नाही. या मोडला स्विचवर वेगळं सेटिंग लागत नाही, म्हणून दोन केबल्स दोन वेगळ्या स्विचमध्ये खुशाल लावा.

हमखास विसरतं ते डीएचसीपी, म्हणजे मशीनला आयपी वाटणारी सेवा. पीएक्सई (नेटवर्कवरून बूट) दुसऱ्या कार्डावरून झालं तर मॅक ॲड्रेस बदलतो, म्हणून दोन्ही मॅक एकाच आयपीला बांधा. डीएनएसमास्क या डीएचसीपी सर्व्हरमध्ये हे एका ओळीत होतं. एनएफएस माउंट ‘हार्ड’च (सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघणारं) ठेवा.

मग चालू मशीनची केबल खरोखर उपसून बघा. प्रॉक-नेट-बाँडिंगमधल्या (/proc/net/bonding) बाँडच्या फाइलीत ‘करंटली ॲक्टिव्ह स्लेव्ह’पुढचं नाव बदललं पाहिजे.