जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं मिक्श्चर कसं सेट करायचं

भाऊ, ॲव्हरेज पडला की लोकं थेट कार्बोरेटरचा (हवा अन् पेट्रोलचं मिक्श्चर बनवणारा भाग) स्क्रू पिळतात, तसं करू नका, आधी एअर फिल्टर खोलून पाहा, आपल्या इकडं कच्च्या रस्त्यानं धूळ एवढी राहते की फिल्टर चोक झाला की हवा कमी अन् पेट्रोल जास्त जाते.

हिशोब असा हाये, १ किलो पेट्रोल पूर्ण जळायले साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी तं रिच, जास्त तं लीन. इथेनॉलवाल्या पेट्रोलले हवा कमी लागते म्हणून जुन्या सेटिंगवर गाडी थोडी लीन चालते.

स्पार्क प्लग काढून पाहा, काजळीसारखा काळा म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन अन् इंजिन तापते, फिकट तपकिरी असला तं झ्याक.

आता सेटिंग. गाडी अंगणात मोकळ्यावर लावा, बंद शेडात नाही, धूर जीवावर येते. इंजिन पुरतं गरम करून बंद करा, चोकची (थंड इंजिन चालू करायची) नॉब आत ढकला, मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं टेकवा (जोर लावला तं सुईची वाट लागते), मंग दीड-दोन फेरे बाहेर. चालू करून पाव-पाव फेरा फिरवत कान देऊन ऐका, जिथं इंजिन सगळ्यात जोरात अन् एकसारखं फिरते तिथं सोडा, मंग आयडलच्या (गाडी उभी असताना इंजिन हळू चालते त्या) स्क्रूनं स्पीड खाली घ्या.

हे फक्त आयडलचं झालं बरं का, रस्त्यावरच्या स्पीडचं काम जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) पाहते. अन् एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणाऱ्या) गाडीत हा स्क्रूच नसते, तिथं ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल ठरवते, चेक इंजिनचा लाइट लागला तं स्कॅनर लावून घ्या.