बर्ल वूडचं मॅक्रो शूट करायचंय? आधी लाइट शिका

नवीन आलेले सगळे पहिला प्रश्न लेन्सचाच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे, 90 किंवा 100 एमएमची कुठलीही वन टू वन मॅक्रो (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटवणारी लेन्स) घ्या, सेकंडहँड मॅन्युअल फोकसवाली पण चालेल, लाकूड काही उडून जात नाहीये. वाचलेले पैसे लाइटवर घाला.

बर्ल म्हणजे खोडावर येते ती मोठी गाठ, आतमधे रेषा सरळ न जाता गरगर फिरलेल्या असतात आणि न फुटलेल्या कळ्यांचे बारीक बारीक डोळे असतात. मेपल, बॉक्स एल्डर, बकआय वगैरेचं हे लाकूड बऱ्याचदा मऊ नाहीतर भेगाळलेलं निघतं, म्हणून ते पूर्ण सुकवून, व्हॅक्युममधे आतली हवा काढून रेझिन भरतात आणि ओव्हनमधे पक्कं करतात, रंगही त्या रेझिनमधेच मिसळलेला असतो. मऊ भाग रंग जास्त पितो, घट्ट भाग कमी, आणि आपल्याला फोटोत नेमकं हेच पकडायचं असतं!

पण पॉलिश केलेला ब्लँक (मूठ किंवा पेन बनवायला कापलेला लाकडाचा तुकडा) आरशासारखा चमकतो, समोरून लाइट मारला की सगळं पांढरं. यावर इलाज म्हणजे लाइटवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर. फिल्टर फिरवत गेलात की चकाकी गायब होते आणि खालचा रंग वर येतो, मात्र तिथे थांबू नका, पूर्ण क्रॉस केलं (दोन्ही पोलरायझर एकमेकांना काटकोनात आणले) की रेषांची ती हलती झळाळी पण मरते आणि लाकूड प्लास्टिकसारखं दिसायला लागतं. मी थोडं मागे फिरवते आणि एक छोटा लाइट बाजूने अगदी तिरका ठेवते, मग ब्लँक हळूहळू वळवत बसायचं, झळाळी कुठल्या कोनात उठते ते प्रत्येक तुकड्याचं वेगळं असतं.

रेझिनमधला निळा आणि जांभळा रंग फार त्रास देतो. साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो पण लाल, हिरवा, निळा यातला एकच चॅनल जळालेला (जास्त उजेडाने तपशील गेलेला) असतो, त्यामुळे आरजीबी हिस्टोग्राम बघा, रॉ मधेच काढा, ग्रे कार्ड ठेवा आणि एलईडी 95 च्या वर सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) घ्या.

फुल फ्रेमवर वन टू वनला एफ 8 ठेवलं तरी जेमतेम 1 मिलिमीटर शार्प मिळतं. एफ 16 वर गेलात तर डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळं मऊ पडतं. म्हणून सपाट ब्लँकवर छोटा आरसा ठेवायचा, लाइव्ह व्ह्यूमधे आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मधोमध आलं की कॅमेरा समांतर झाला. गोलाई असलेल्या चाकूच्या मुठीला मात्र स्टॅकिंगच, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं, त्यासाठी हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर, दोन्ही सॉफ्टवेअर छान आहेत.

आणि चाकू किंवा पेन बनवणाऱ्यांसाठी काढत असाल तर मॅक्रोसोबत पूर्ण ब्लँकचे दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून द्याच. असा दुसरा तुकडा नसतो, समोरचा माणूस पैसे देतो ते त्याच तुकड्याचे.