टेस्टोस्टेरॉन वाढवायचंय? आधी उठायची वेळ बांधून घ्या

पंचविशीतल्या मुलाला मरगळ जाणवायला लागली, जिममध्ये वजन पुढे सरकेना, कामेच्छा कमी झाली, की तो आधी यूट्यूब उघडतो आणि आठवड्याभरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढवतो म्हणून विकला जाणारा, सिंहाचं चित्र असलेला महागडा डबा घरी येतो. रात्री झोपतोस किती वाजता, असं त्यालाच विचारा. "दोन-अडीच होतात," हे तो हवामानाची बातमी सांगावी तसं सांगतो. डब्याने हे काम होत नाही. ते झोप, कंबर आणि ताट यांनी होतं, आणि महत्त्वाचा क्रमही हाच. त्यातही झोपेचा भाग अवघड आहे, आणि बहुतेक सल्ले तिथेच माती खातात.

आधी खरंच कमी आहे का ते बघा

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. म्हणून रक्त सकाळी ७ ते १० या वेळात, उपाशीपोटी द्यायचं. ऑफिसमधून परतताना संध्याकाळी सहाला दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट सरळ बाजूला ठेवा. गोड चहा पिऊन गेलात तरी घोटाळा, कारण साखर पोटात गेली की आकडा काही तासांपुरता खाली येतो. आदल्या रात्री चारच तास झोप झाली असेल तर जाऊच नका. पावसाळ्यात डेंग्यू किंवा चिकनगुन्या होऊन गेला असेल तर अंगात ताकद परत येईपर्यंत, निदान महिनाभर, थांबा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगून दोन-तीन दिवस आधी बंद करा, नाहीतर मशीन चुकीचा आकडा दाखवू शकतं.

वेगवेगळ्या दोन दिवशी, दोन्ही सकाळी आकडा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आला आणि लक्षणंही असली, तरच कमी म्हणायचं. ४५० आलेला मुलगा ७०० वाल्या मित्राकडे बघून झुरत असेल तर त्याला काहीही झालेलं नाही. त्याच सुईत थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, बी१२ आणि व्हिटॅमिन डी करून घ्या. शाकाहारी घरातल्या मुलांची मरगळ कितीतरी वेळा बी१२ची निघते आणि हार्मोन निर्दोष सुटतो.

कंबर

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून मोजा. ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर काम तिथे आहे. पोटाच्या चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, करतं. आठवड्याला अर्धा किलो वजन उतरवा, त्याहून घाई नको. आणि मुळात बारीक असलेल्यांनी "कटिंग"च्या, म्हणजे कमी खाऊन चरबी उतरवण्याच्या, नादाला अजिबात लागू नये. पोटाला सतत कमी मिळालं की मेंदू अंडकोषांना जाणारा, टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारा एलएच या हार्मोनचा निरोपच कमी करतो. दोन वेळा सॅलड आणि रोज तासभर पळणं हे हार्मोन पाडण्याचं खात्रीचं साधन आहे.

ताट

खाणावळीच्या ताटात पोळ्या आणि भात भरपूर असतात, प्रथिनं मात्र नसतात. पातळ आमटीच्या वाटीत डाळ पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे प्रथिनं ४ ते ५ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्या तरुणाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६५ किलोच्या मुलाला रोज ७८. हिशेब असा बसतो: तीन उकडलेली अंडी १८, अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही १६, पन्नास ग्रॅम कोरडी मटकी मोड आणून १२, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७, पाच पोळ्या २०, आमटी ५. अंडी खात नसाल तर त्या जागी १०० ग्रॅम पनीर किंवा ३५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स. सोयाने पुरुषाचं बाईपण वाढतं ही अफवा आहे. नेहमीच्या प्रमाणात सोया खाल्ल्याने टेस्टोस्टेरॉन उतरत नाही, हे अनेकदा तपासून झालं आहे.

तेल-तूप बंद करू नका. दिवसाच्या कॅलरींपैकी निदान पाव भाग स्निग्धातून यावा, त्याच्या फार खाली गेलं की टेस्टोस्टेरॉनही थोडं घसरू शकतं. वरच्या यादीतले दूध, अंडी, शेंगदाणे धरून २४०० कॅलरीच्या दिवसात फोडणीचं तेल आणि पोळीवरचं तूप मिळून चार चमचे उरतात. तेवढं खाच. वडापाव, भजी, बाकरवडी हा वेगळा हिशेब आहे, तो कंबरेच्या खात्यात धरायचा.

जस्त तिळात, भोपळ्याच्या बियांत, हरभऱ्यात असतं, पण धान्य-कडधान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते अडवून धरतं. भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं याने ते सुटतं, म्हणून मोडाची उसळ साध्या उसळीपेक्षा बरी. गोळ्या घेऊन महिनोन्महिने जस्त ढोसलं तर तांबं कमी पडतं. व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं पाकीटही तपासणीशिवाय आणि डॉक्टरने सांगितल्यापेक्षा जास्त आठवडे घ्यायचं नाही.

झोप: इथे सगळे अडकतात

शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगात १० निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. हार्मोन झोपेत वर चढतं, त्यासाठी सलग आणि पुरेशी झोप लागते. सात तास हा खालचा आकडा, साडेसात-आठ चांगला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न असतो अडीचला झोपणाऱ्याने अकराला झोपायचं कसं.

सर्रास दिला जाणारा सल्ला असा: उद्यापासून पाचला उठ, टेकडीवर जा, रात्री आपोआप झोप येईल. हा सल्ला ऐकू नका. दोन-चार दिवस अडीच-अडीच तास झोपून मुलगा टेकडी चढतो, पाचव्या दिवशी दुपारी तीनला आडवा होतो तो सातला उठतो, आणि त्या रात्री चार वाजतात. झोपेचा कर्जबाजारीपणा हे त्यातलं एक कारण. दुसरं कुणी सांगत नाही, ते उजेडाचं. आपण नैसर्गिकपणे ज्या वेळी उठतो त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्या क्षणानंतर मिळालेला उजेड आतलं घड्याळ अलीकडे ओढतो. त्याच्या आधी मिळालेला उजेड शरीर रात्रीचा समजतं आणि घड्याळ आणखी पुढे ढकलतं. साडेनऊला उठणाऱ्याचा तळ साडेसहा-साडेसातच्या सुमारास येतो. उन्हाळ्यात सहाला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उभा राहून लख्ख उजेड घेणारा असा मुलगा आपलीच झोप आणखी उशिरा नेत असतो.

म्हणून सुरुवात आहे तिथून करायची. दोन-तीन सुट्टीच्या दिवशी गजर न लावता आपण किती वाजता उठतो ते लिहून ठेवा. समजा साडेनऊ. पहिले दोन दिवस नऊला उठा आणि अर्ध्या तासाच्या आत घराबाहेर पडा. गॉगल नको, सूर्याकडे बघायचंही नाही, नुसतं २० ते ३० मिनिटं उघड्यावर राहायचं. गॅलरी चालेल, बंद काचेची खिडकी नाही. जुलै-ऑगस्टमधलं ढगाळ आभाळसुद्धा खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजळ असतं, फक्त तेव्हा ४० मिनिटं द्या. मग दर दोन दिवसांनी उठायची वेळ अर्धा तास अलीकडे. साडेनऊवरून साडेसहाला यायला बारा दिवस लागतात. सात-आठ दिवसांत करायला गेलात तर बहुतेक वेळा फसतं. जानेवारीत पुण्यात सूर्यच सातनंतर उगवतो, तेव्हा हिवाळ्यात सातवर थांबा.

झोपायची वेळ या काळात मुद्दाम ओढू नका. पहिल्याच दिवशी दहाला दिवा घालवून पडलात तर अडीचपर्यंत छताकडे बघाल आणि अंथरूण म्हणजे जागरण अशी सवय लागेल. डोळे जड झाले की पडायचं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं. उठायची वेळ पक्की राहिली की झोपायची वेळ तिच्यामागून एक-दोन दिवसांत येते.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी प्रचंड झोप येईल. एक ते चार दुपारी झोपायची परंपरा पुण्यात फार जुनी आहे, ती तुम्ही पाळू नका. तीनच्या आत, गजर लावून, २० मिनिटं. त्यापेक्षा जास्त झोपलात तर रात्रीच्या झोपेची भूक मेलीच. दुसरा सापळा शनिवारचा. शनिवारी रात्री उशीर झाला तर होऊ द्या, पण रविवारी नेहमीपेक्षा तासाभरापलीकडे लोळू नका. अकरापर्यंत झोपलात की सोमवारी मागचे तीन-चार दिवस वाया गेलेले दिसतात.

चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. अमृततुल्यचा कप छोटा असतो खरा, पण संध्याकाळी सहानंतर तीन कप झाले की तो मोठाच होतो. शेवटचा चहा दुपारी दोनला. टपरीवर जा, मित्र सोडू नका, चहा सोडा.

रात्री साडेनऊनंतर छताची ट्यूब बंद, खाली ठेवलेला पिवळा दिवा चालू. फोनचा निळा प्रकाश हा वाजवीपेक्षा मोठा केलेला मुद्दा आहे. खरा चोर रील आहे, ते नाइट मोडमध्येही तितकंच जागवतं. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा, म्हणजे सकाळी गजर बंद करायलाही उठावं लागेल. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर चौघांच्यात राहत असाल आणि दोघांचा अभ्यास एकपर्यंत चालत असेल तर वाद घालत बसू नका. डोळ्यांवर जाड पट्टी आणि कानात बोळे, दोन्ही मिळून दोन-तीनशे रुपयांत येतात. अभ्यासिकेतले रात्री दहा ते एक हे तीन तास सकाळी सात ते दहावर न्या.

जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप फाटते आणि नेहमीचं पिणं टेस्टोस्टेरॉनलाही खाली आणतं.

एवढं सगळं करूनही आठ तास झोपून डोकं जड राहत असेल आणि शेजारचा म्हणत असेल की तू घोरतोस, मध्येच श्वास अडकतो, तर वेळापत्रकाने काही होणार नाही. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घ्या.

नाइट शिफ्टवाल्यांसाठी

हिंजवडी-खराडीत अमेरिकेच्या वेळेत काम करून पहाटे चारला घरी येणाऱ्याने वरचं वेळापत्रक विसरायचं. साडेचार ते साडेबारा ही झोप पक्की करा. खिडकीला काळा पडदा, बेल बंद, डिलिव्हरीवाल्याला दुपारची वेळ. सुट्टीच्या दिवशी एकदम माणसात येऊन सकाळी सातला उठू नका. दोन-अडीचला झोपून साडेदहाला उठा, म्हणजे दोन्हीकडचे काही तास समान राहतात आणि घरच्यांबरोबर जेवणही होतं. तपासणीचं रक्त उठल्यावर दोन-तीन तासांत, उपाशीपोटी द्या. दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर ती महिन्याने बदलून मागा. तेवढं मिळालं तरी पुष्कळ.

डबे आणि सुया

बूस्टरवर पैसे घालवू नका. अश्वगंधाच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. जिममधला "दादा" टोचतो ते टेस्टोस्टेरॉन बाहेरून आलं की मेंदू एलएच आणि शुक्राणू बनवायला लागणारं एफएसएच बंद करतो, अंडकोष आकसतात, वीर्यातले शुक्राणू शून्यापर्यंत जाऊ शकतात आणि सुई थांबवल्यावर ते परत यायला महिने लागतात, कधी वर्षही. मूल हवं असणाऱ्याने डॉक्टरने लिहिलेलं टेस्टोस्टेरॉनसुद्धा हा प्रश्न विचारल्याशिवाय सुरू करू नये.

पुन्हा कधी मोजायचं

तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला. दर पंधरा दिवसांनी रक्त देण्यात फक्त लॅबचा फायदा. तरीही दोनदा ३००च्या खाली आलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, जा. दाढी-मिशी मुळातच फुटली नाही, वास येत नाही, छातीत गाठ लागते, स्तनातून स्राव येतो, सतत डोकं दुखून बाजूचं दिसेनासं होतं, यातलं काही असेल तर तीन महिने थांबू नका, आधी जा. जाताना दोन्ही रिपोर्ट, दोन आठवड्यांच्या झोपेच्या वेळा आणि पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोळी-पावडरीची यादी न्या. जिममध्ये काही टोचून घेतलं असेल तर तेही सांगा, आईवडील सोबत असतील तर त्यांना बाहेर बसवून सांगा. ते लपवलंत तर एलएच इतकं खाली का, हे शोधण्यात मेंदूच्या एमआरआयपर्यंतचा खर्च होईल.